आंबट दुसऱ्या दिवशी

६ फेब्रुवारी

ताई,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशील आणि फाडून टाकायच्या आधी भाऊजींनी तुझा हात धरला असेल, अशी माझी अटकळ आहे. पत्ता त्यांच्याकडूनच घेतला. त्यांच्यावर रागावू नकोस, मी फोनवर अर्धा तास त्यांचं डोकं खाल्लं तेव्हा कुठे मिळाला.

सात वर्षांत एक ओळ नाही आणि आज एकदम पत्र, म्हणजे माझं काहीतरी काम अडलंय हे तू ताडलंच असणार. अडलंय. तुला जे झालं होतं तेच मला झालंय. गळ्यात तीच गाठ, रिपोर्टात तेच शब्द. आईने मागे दागिने ठेवले नाहीत म्हणून आपण वाटणीवरून कधी भांडलो नाही; हा एक वारसा ठेवला, तो दोघींना समसमान आला. डिसेंबरात ऑपरेशन होऊन थायरॉइड पूर्ण काढली. आवाज अजून थोडा घोगरा आहे. आता आत जे कण उरले असतील ते जाळायला किरणोत्सारी आयोडीनची गोळी घ्यायची, मार्चच्या पहिल्या आठवड्यात. डॉक्टरीणबाई म्हणतात आजार बरा होणारा आहे, जिवाची काळजी करू नका. मी करतही नाही.

मला काळजी आहे तोंडाची. ते आयोडीन थायरॉइडच्या पेशी शोधत जातं, पण वाटेत लाळेच्या ग्रंथींमध्येही घुसतं, हे तुला मी काय सांगणार. तुझ्या तोंडाचं काय झालं ते चाखण्याच्या टेबलावर तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून मी पाहिलंय. आणि चहा चाखणाऱ्या बाईची लाळ आटली तर तिने करायचं काय? कोरड्या जिभेला दार्जिलिंग काय आणि दाराची फळी काय. मालकांनी मला एप्रिलच्या मध्यापर्यंत मुदत दिली आहे. तेव्हा टेबलावर तीस कप मांडतील. ओळखले तर मुख्य चाखणारीची खुर्ची माझ्याकडे राहील, नाही तर गोदामात पेट्यांवर लेबलं चिकटवायची. मला लेबलं चिकटवायची नाहीत.

मागच्या गोष्टी उकरायला मी बसलेली नाही. तू टेबलावरून उठलीस ते वाईट झालं. पण तुझं तोंड कोरडं पडलंय हे मालकांना कोणीतरी सांगायलाच हवं होतं, आणि चाखण्याच्या टेबलावर लपवाछपवी चालत नाही हे तूच मला शिकवलं होतंस. असो.

तर मला सगळं लिही. गोळी दिल्यावर एकटं कोंडून ठेवतात त्या खोलीत तू किती पाणी प्यायलीस, काय चोखलंस, कधी चोखलंस, काय करायला हवं होतं आणि केलं नाहीस. डॉक्टर सांगतातच, पण त्यांचं ते उंटावरून शेळ्या हाकणं. मला त्या खोलीत राहून आलेलं माणूस हवंय. राग असेल तर राग धरून लिही, पण लिही.

भुरकी
(हे नाव अजून चालतं. टेबलावर माझ्याइतका मोठा भुरका अजून कोणी मारत नाही.)


१९ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड पोचलं. मायना नाही, सही नाही, खुशाली नाही. औषधाच्या बाटलीवर याहून जास्त माया असते. तरी सकाळपासून चारदा वाचलं.

"पाणी पी, तहान नसली तरी. गाल चोळ, कानाकडून ओठाकडे, उलटं नाही. आंबट दुसऱ्या दिवसापासून, आधी नाही. शहाणपणा करू नकोस, डॉक्टरांचं ऐक." एवढंच. 'आधी नाही' खाली तू दोन रेघा मारल्या आहेस.

डॉक्टरीणबाईंना कार्ड दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाल्या, "कोण आहेत या? आमच्याकडे नोकरीला येतील का?" त्यांचंही अगदी हेच म्हणणं. पहिला पूर्ण दिवस नुसतं पाणी, भरपूर. दुसऱ्या दिवसापासून आंबट गोळ्या, जागेपणी दर दोन-तीन तासांनी एक. मी कारण विचारलं. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. ते इथे लिहीत नाही, लांबण लागेल.

चोळायचं मात्र त्यांनी माझ्याच गालावर शिकवलं. मोठी ग्रंथी नेमकी कानाखाली असते, लहानपणी तू मला जिथे वाजवायचीस तिथेच. दोन बोटं तिथे ठेवून हळूच पुढे आणायची, जणू ट्यूबमधली शेवटची पेस्ट काढतोय. मग जबड्याखालच्या दोन. मी आरशासमोर सराव करते. पहिल्या दिवशी जोर इतका लावला की गाल दोन दिवस लाल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, कणीक नाही मळायची."

माझी तयारी जोरात आहे. आयोडीन नसलेलं मीठ आणलं. दात तपासून घेतले, एक किडका होता तो भरून घेतला, कारण लाळ कमी झाली तर आधी दातांवर संक्रांत येते. सकाळी अंगात थंडी भरते, जिने चढताना धाप लागते. थायरॉइडच्या गोळ्या थांबवल्यात त्यामुळे. चालायचंच. मी या आयोडीनला पुरून उरणार आहे, तू बघच.

तुझं तोंड आता कसं आहे ते तू लिहिलं नाहीस. मी विचारलंही नव्हतं म्हणा. आता विचारते.

भुरकी


८ मार्च

ताई,

सुटले. तीन दिवस शिशाच्या दारामागे काढून परवा घरी आले. अजून आठवडाभर कोणाच्या फार जवळ बसायचं नाही, म्हणून हात धुऊन लिहायला बसलेय.

खरं तर पत्र मी त्या खोलीतच लिहिलं होतं, दुसऱ्या दिवशी, सहा पानं. पण तिथला कागद बाहेर नेता येत नाही, घामाने आणि हातांनी त्यालाही आयोडीन लागलेलं असतं. मीटर घेऊन फिरणारे ते गृहस्थ (मी त्यांना मीटरवाले म्हणते) म्हणाले, "प्रेमपत्र असलं तरी कचऱ्यातच." तेव्हा हे आठवून पुन्हा लिहितेय. जवळजवळ सगळं आहे. एक तुकडा सोडलाय.

गोळी कशी देतात ते तुला ठाऊक आहे. एवढीशी कॅप्सूल, आणि ती आणायला हा जाडजूड शिशाचा डबा. मीटरवाल्यांनी झाकण उघडलं, मी घेतली, गिळली, ते चार पावलं मागे सरकले. दार बंद. भिंतीवर बोलायचा स्पीकर, बाकी कोणी नाही. मी पाण्याची मोठी बाटली घेतली आणि ठरल्याप्रमाणे दर तासाला ग्लासभर सुरू केलं. घड्याळ लावून. दर ग्लासाला वहीवर एक रेघ मारून. माझ्यासारखी शहाणी पेशंट त्यांनी पाहिली नसेल असं मला वाटत होतं.

संध्याकाळी मीटरवाले काचेपलीकडून मोजायला आले. खोलीत यंत्र बसवलेलं आहे, ते माझ्याकडे कमी आणि बेसिनकडे जास्त किरकिरत होतं. स्पीकरवरून आवाज आला.

"बाई, बेसिन का ओरडतंय?"

"मला काय माहीत? नळ तुमचा."

"तुम्ही त्यात थुंकलात का?"

मी ठामपणे नाही म्हणाले. मग ते म्हणाले, "बरं, माझ्यासमोर एक ग्लास पाणी प्या." मी ग्लास उचलला, घोट घेतला, भुरका मारला, जिभेवर फिरवला. पाण्याला पाइपाची चव होती, मागे किंचित क्लोरीन, शेवटी थोडा तुरटपणा. आणि मान वळवून बेसिनात थुंकले.

ताई, काचेपलीकडे त्या माणसाचा चेहरा तू पाहायला हवा होतास! मी स्वतः थक्क झाले. वीस वर्षं दिवसाला दोनशे कप, तोंडात घ्यायचा, पारखायचा, थुंकायचा. गिळायचं नाही, हा आपला पहिला नियम. एकटी बसलेली, काम नाही, समोर पाणी. हात आणि तोंड आपले आपले टेबलावर जाऊन बसले. जित्याची खोड म्हणतात ती हीच. सकाळपासूनच्या सगळ्या ग्लासांपैकी पोटात निम्मं पाणीही गेलं नव्हतं.

मग मात्र माझ्या तोंडचं पाणी पळालं. मीटरवाले चिडले नाहीत, त्यांनी डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या स्पीकरवरून म्हणाल्या, "घाबरू नका. आत्तापासून एकेक घोट गिळून मला 'गिळला' असं मोठ्याने सांगा." आणि रात्री झोपेपर्यंत मी भिंतीला सांगत बसले, गिळला, गिळला, गिळला. ड्युटीवरची सिस्टर हसून हसून दमली.

दुसऱ्या दिवशी लिंबाच्या गोळ्या सुरू केल्या. आधी नाही. पाकीट पहिल्या दिवसापासून समोरच होतं, मी त्याला हातही लावला नाही. गाल चोळले, कानाकडून ओठाकडे. तिसऱ्या दिवशी मीटरवाल्यांनी मला मोजून "जा, आता तुम्ही साध्या बाई झालात" म्हणून सोडलं.

तोंड आज ओलं आहे. चव थोडी बदललीय, सगळ्याला पत्र्याचा वास येतो, पण डॉक्टरीणबाई म्हणतात ते काही आठवड्यांत जाईल. जाईलच.

भुरकी


३० मार्च

ताई,

आधी चांगली बातमी संपवते. पत्र्याची चव गेली. आज सकाळी टेबलावर बसून वीस कप केले आणि सगळे ओळखले.

आता दुसरं. मागच्या मंगळवारी बिस्किटाचा तुकडा तोंडात टाकला आणि उजव्या कानाखाली अशी कळ आली की बिस्कीट हातातून पडलं. पाच मिनिटांत तिथे गाठ, लिंबाएवढी. त्या बाजूचं तोंड ठणठणीत कोरडं. पुढचे चार दिवस गरम पाण्याच्या फडक्याने शेकलं, पाणी प्यायले, चोळलं, पुन्हा चोळलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या असं होतं, घट्ट लाळेने नळी तुंबते, बहुतेकदा मोकळी होते. "बहुतेकदा" हा शब्द चार दिवस माझ्याबरोबर जेवायला बसत होता. शनिवारी चोळता चोळता तोंडात एकदम खारट धार सुटली आणि गाठ बसली. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले.

त्या चार दिवसांत मला फक्त तूच दिसत होतीस. तू कोरडा घास गिळताना मान कशी खाली घालायचीस, ते मी दीड-दोन वर्षं पाहिलं आणि मला ते तुझं नखरेल वागणं वाटायचं.

तर जो तुकडा मी सोडला होता तो लिहिते. कार्डावरून कारण विचारलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पहिल्या दिवशी रक्तात आयोडीन सर्वांत जास्त असतं. तेव्हा आंबट चोखून ग्रंथीला कामाला लावलं, तर तिच्याकडे रक्त जास्त धावतं आणि त्याबरोबर आयोडीनही. म्हणून आम्ही थांबतो. सगळे डॉक्टर यावर एकमताचे नाहीत, काही जण पहिल्यापासून देतात. मी विचारलं, कोणी पहिल्या तासाला सुरू केलं असेल आणि पुढे तिचं तोंड वाळलं असेल तर? त्या म्हणाल्या, "त्यानेच वाळलं असं छातीठोक कोणी सांगू शकणार नाही. डोस मोठा असला तरी वाळतं." पण माझ्याकडे त्या जरा जास्त वेळ बघत राहिल्या.

नऊ वर्षांपूर्वी तू त्या खोलीत गेलीस, तेव्हाही तुझ्या डॉक्टरांनी आंबट दुसऱ्या दिवसापासून, असंच सांगितलं होतं. तुझी बॅग मी भरली. टॉवेलच्या घडीत लिंबाच्या गोळ्यांचं पाकीट खुपसलं आणि वर चिठ्ठी: "उद्याची वाट बघू नकोस, औषध घेतल्या घेतल्या सुरू कर. आंबटाने तोंडाला पाणी सुटेल आणि विष धुऊन निघेल. तोंडातलं डॉक्टरांपेक्षा आपल्याला जास्त कळतं." मला वाटलं मी केवढी हुशार! चहा चाखणाऱ्या बाईला लाळेचं कोण शिकवणार? तू माझं ऐकलंस, कारण तेव्हा तू माझं ऐकायचीस.

तुझं तोंड बहुधा मी वाळवलं, ताई. फेब्रुवारीपासून मला हे माहीत आहे आणि मी तुला बेसिनचे विनोद लिहून पाठवले. ही शंका अंगावर घेऊन जगणं मला झेपत नाहीये. तू मला काय वाटेल ते बोल. मी खरंच, मनापासून तुझी माफी मागते. त्या चिठ्ठीसाठी मी स्वतःला कधी माफ करू शकेन असं वाटत नाही.

भुरकी


१७ एप्रिल

ताई,

तुझं पत्र पुढ्यात ठेवून लिहितेय. तुझेच शब्द आधी उतरवते, म्हणजे मला इकडेतिकडे पळता येणार नाही.

"गोळ्यांचं मला तेव्हाच कळलं होतं. दुसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी विचारलं, कधी सुरू केल्या, तेव्हा मी खोटं सांगितलं. तुला वाचवायला नाही, माझी मलाच लाज वाटली म्हणून. पाकीट तू दिलंस, तोंडात मी घातल्या. मी काय कुक्कुलं बाळ होते? तुझा हेतू चांगला होता, त्याबद्दल दोन पानं रडलीस, पुरे झालं. जिथे हेतू चांगला नव्हता तिथे 'असो' म्हणून मोकळी झालीस. माझ्या एप्रनच्या खिशातल्या बाटलीबद्दल लिही. आणि एक सांग, शपथेवर सांग. मी तेव्हा खरंच चुकत होते का? सात वर्षं मी माझ्या जिभेवर विश्वास ठेवलेला नाही. घरचा चहासुद्धा यांना विचारते, बरा झालाय का म्हणून."

लिहिते.

आपल्या टेबलावर पाणी चालत नाही. पाण्याने जीभ धुतली जाते, एका कपाची दुसऱ्याशी तुलना राहत नाही, असा मालकांच्या वडिलांपासूनचा नियम. तुझं तोंड वाळल्यावर तू खिशात छोटी बाटली ठेवायला लागलीस. दोन कपांच्या मध्ये खिडकीकडे वळून घोट घ्यायचीस, दीड वर्ष. कोणाला कळलं नाही. मला पहिल्या आठवड्यात कळलं. तू मला डोळ्यांनी म्हणालीस, बोलू नकोस, आणि मी मान हलवली.

आणि मग मी तुझे शेरे चोरून बघायला लागले. तू कपासमोर काय लिहितेस ते माझ्या वहीशी ताडून बघायचे. तू सापडावीस म्हणून. तू सापडत नव्हतीस. घोटभर पाणी पिऊन तू माल बरोबर सांगत होतीस. आपलं जुळायचं नाही तिथे मागाहून बहुतेक वेळा मीच चुकलेली निघायचे. मला वाटायचं, तोंडात लाळ नसलेली बाई जर माझ्यापेक्षा बरी, तर मी कायमची धाकटीच. मग एके दिवशी मालकांच्या खोलीत गेले. कोरड्या तोंडाचं सांगितलं आणि बाटलीचंही सांगितलं.

त्यांनी बारा कप मांडले आणि तुझी बाटली काढून खिडकीत ठेवायला लावली. तुला आठवत असेल. तुला माहीत नाही ते पुढे. सहाव्या कपानंतर तुझी जीभ टाळ्याला चिकटायला लागली, भुरक्याला आवाज येईना. सातव्याला तू ताज्या मालाला शिळा म्हणालीस. तेव्हा मालक मला दाराबाहेर घेऊन गेले आणि म्हणाले, "तू तिची बहीण आहेस, तुलाच विचारतो. पाणी दिलं तर हिला जमेल का?" मी म्हणाले, "नाही." एवढाच शब्द. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि आत जाऊन तुला उठायला सांगितलं. तू माझ्याकडे बघितलंस, मी कपांकडे बघत होते.

हा गोळ्यांसारखा अडाणीपणा नव्हता. मला खुर्ची हवी होती.

काल माझे तीस कप झाले. सत्तावीस बरोबर आले. मालकांनी हात पुढे केला आणि मी त्यांना सगळं सांगितलं, टेबलावर सगळे असताना, कारण तुलाही सगळ्यांसमोर उठवलं होतं. त्यांनी चमचा बशीत ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे मी त्या दिवशी चुकीची बहीण ठेवली." आणि मला म्हणाले, "सोमवारपर्यंत येऊ नकोस, मला विचार करू दे." खुर्चीचं काय होईल मला माहीत नाही. लेबलं चिकटवायला लावली तर चिकटवीन. त्यांनी तुझा पत्ता मागितला, मी तुला विचारल्याशिवाय दिलेला नाही.

माफी मागच्या पत्रात उधळपट्टीने मागून झाली, आता तो शब्द पुन्हा वापरायची मला लाज वाटते. तू विचारलंस तेवढ्याचं उत्तर देते, शपथेवर.

नाही, ताई. तू चुकत नव्हतीस. एकदाही चुकली नाहीस म्हटलं तर तुला खोटं वाटेल, म्हणून खरा हिशोब सांगते: दीड वर्षात पाच वेळा चुकलीस. मी अकरा वेळा. उद्या सकाळी चहा केलास की आधी एक घोट पाणी घे, मग चहा घे. आणि बरा झालाय का ते भाऊजींना विचारू नकोस. त्यांना सांग.

भुरकी